गिअरबॉक्सचे रूपांतर, जुन्या मोटारगाड्यांतील

जुन्या मोटारगाडीतील मूळचा स्वयंचलित गिअरबॉक्स काढून त्याच्या जागी क्लच व हाताचा दांडा यांनी चालणारा गिअरबॉक्स बसविण्याच्या क्रियेस गिअरबॉक्सचे रूपांतर म्हणतात. एंजिनाची शक्ती चाकांपर्यंत पोहोचविणाऱ्या साखळीतील हा मधला दुवा आहे. त्यामुळे तो बदलताना एंजिनाचा मागील भाग, पायाने दाबावयाची पेडले, गाडीचा तळ, मागील आसाकडे शक्ती नेणारा लांब दंड आणि कधीकधी मागील आसातील दंतचक्रे यांतही फेरफार करावे लागतात. पाश्चात्त्य देशांत हे रूपांतर बहुधा हौसेखातर करण्यात येते. महाराष्ट्रात ते प्रथम निकडीपोटी झाले. परदेशी गाडी आपल्याकडे होती, परंतु तिच्या गिअरबॉक्सचे सुटे भाग, त्याला लागणारे तेल आणि तो उघडून पुन्हा जोडू शकणारा कारागीर या तिन्ही गोष्टी दुर्मिळ होत्या. म्हणूनच या रूपांतराच्या इतिहासात यंत्ररचनेबरोबर आयात-नियंत्रण, इंधनाची किंमत व दुरुस्तीची परंपरा यांचाही विचार करावा लागतो.

गिअरबॉक्सची आवश्यकता : अंतर्ज्वलन एंजिन फार कमी वेगाने फिरत असताना पुरेसा जोर देऊ शकत नाही आणि थांबलेल्या स्थितीत तर मुळीच देत नाही. गाडीला सर्वांत अधिक जोर लागतो तो नेमका थांबलेल्या स्थितीतून निघताना व चढ चढताना. एंजिनाचे फेरे व चाकांचे फेरे यांचे प्रमाण प्रसंगानुसार बदलून ही अडचण दूर करतात. हे काम दंतचक्रांच्या पेटीत होते व तिलाच व्यवहारात गिअरबॉक्स म्हणतात. हस्तचलित गिअरबॉक्समध्ये चालक क्लच दाबून एंजिन व गिअरबॉक्स यांचा संबंध क्षणभर तोडतो आणि दांड्याने हवी ती दंतचक्रांची जोडी गुंतवितो. सरकत्या दंतचक्रांची ही योजना पानार-लव्हासॉर या फ्रेंच कंपनीच्या गाड्यांतून १८९० नंतरच्या दशकात रूढ झाली. सुरुवातीच्या गाड्यांत दंतचक्रांचे वेग जुळविणे हे चालकाच्या कौशल्यावर अवलंबून असे व चूक झाल्यास दाते खरखरत. १९२८ मध्ये अमेरिकेत कॅडिलॅक गाडीत सिंक्रोमेश ही वेग आपोआप जुळविणारी रचना आली आणि गिअर बदलणे सामान्य चालकाच्या आवाक्यात आले.

चालकाचे श्रम वाचविण्याचा दुसरा मार्ग फोर्ड कंपनीच्या मॉडेल टी या गाडीने (१९०८–२७) दाखविला होता. तीत सूर्याभोवती ग्रह फिरावेत तशी मधल्या दंतचक्राभोवती फिरणारी छोटी दंतचक्रे होती. पेडलाने पट्टे आवळून त्यांतील एक किंवा दुसरा भाग रोखला की वेगाचे प्रमाण बदले आणि दंतचक्रे कधीही एकमेकांपासून सोडवावी लागत नसत. पुढील बहुतेक स्वयंचलित गिअरबॉक्सांचा गाभा हीच ग्रहमाला होय.

स्वयंचलित गिअरबॉक्सचा उदय : ग्रहमालेच्या जोडीला क्लचऐवजी तेलातून शक्ती नेणारे साधन आवश्यक होते. त्याचे मूळ जहाजबांधणीत सापडते. हेरमान फ्यॉटिंगर या जर्मन अभियंत्याने १९०५ मध्ये जहाजांच्या टरबाइनांकरिता द्रवाच्या साहाय्याने शक्ती पोहोचविणाऱ्या यंत्राचे एकस्व घेतले. समोरासमोर ठेवलेल्या दोन पंख्यांपैकी एक एंजिनाने फिरतो, तो तेल दुसऱ्यावर फेकतो व दुसरा फिरू लागतो. त्यांच्यामध्ये तेलाचा प्रवाह वळविणारे तिसरे स्थिर चक्र बसविले की निघतेवेळी चाकांकडे जाणारा जोर एंजिनाच्या जोराच्या सुमारे दुप्पट होऊ शकतो. अशा साधनास टॉर्क कन्व्हर्टर वा परिवर्तक म्हणतात.

जनरल मोटर्स कंपनीच्या ओल्ड्समोबील गाडीच्या १९४० च्या नमुन्यात हायड्रामॅटिक हा चार वेगांचा गिअरबॉक्स आला. मोठ्या प्रमाणावर विकला गेलेला पहिला पूर्ण स्वयंचलित गिअरबॉक्स तो हाच. त्यानंतर १९४८ मध्ये ब्यूइकचा डायनाफ्लो व १९५० मध्ये शेव्हरोलेचा पॉवरग्लाइड आला. पॉवरग्लाइडला पुढे जाण्याचे केवळ दोनच वेग होते, तरीही तो १९७३ पर्यंत बनत राहिला. क्रायस्लर कंपनीने १९५६ मध्ये टॉर्कफ्लाइट हा तीन वेगांचा गिअरबॉक्स काढला. रोल्स-रॉइस कंपनीच्या १९५५ मधील सिल्व्हर क्लाउड गाडीत हायड्रामॅटिकच बसविलेला होता. जॅग्वारसारख्या ब्रिटिश गाड्यांत बोर्ग-वॉर्नर कंपनीचे गिअरबॉक्स असत. मर्सिडीज-बेंझने १९६१ पासून आपला स्वतंत्र स्वयंचलित गिअरबॉक्स वापरात आणला.

क्रायस्लरच्या काही गाड्यांत मधली स्थिती आढळते. फ्लुइड ड्राइव्ह या नावाच्या योजनेत तेलाचे जोडसाधन व नेहमीचा क्लच ही दोन्ही एकापाठोपाठ असत. अशा गाडीत क्लचचे पेडल असले, तरी ती पूर्णपणे हस्तचलित नव्हे. रूपांतराचा विचार करताना हा भेद ध्यानात घ्यावा लागतो, कारण तेलाच्या जोडसाधनास जागा मिळावी म्हणून तिच्या गिअरबॉक्सचे कवच व आत शिरणारा दंड अधिक लांब केलेले असत.

महाराष्ट्रातील स्थिती : जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईतील शिवडी येथे गाड्यांची जुळणी सुरू केली. फोर्डचीही मुंबईत जुळणी होत असे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनीने कुर्ला येथील कारखान्यात क्रायस्लरच्या सहकार्याने १९४७ पासून डॉज, प्लिमथ व डी सोटो या नावांची वाहने जुळविली आणि १९५१ पासून फियाट गाड्यांकडे लक्ष वळविले. १९५३ च्या जकात आयोगाच्या शिफारशींनंतर ज्या कंपन्यांचा देशात टप्प्याटप्प्याने उत्पादन करण्याचा कार्यक्रम नव्हता त्यांना येथे स्थान उरले नाही. जनरल मोटर्सने १९५४ मध्ये शिवडीचे काम थांबविले व त्याच सुमारास फोर्डनेही आपली जुळणी बंद केली.

यानंतर भारतीय रस्त्यांवर प्रामुख्याने अँबॅसडर, फियाट व स्टँडर्ड याच गाड्या राहिल्या. या सर्वसामान्य गाड्या हस्तचलित होत्या. मुंबई-पुण्याच्या चालकांना व कारागिरांना जो गिअरबॉक्स रोज हाताळावा लागे, तो हाच. १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर सुरू झालेल्या राज्य परिवहनाच्या बसगाड्या, मालमोटारी व महिंद्र कंपनीच्या जीपगाड्या यांची स्थिती तीच होती. चालकांच्या व कारागिरांच्या दोन-तीन पिढ्या त्यांवर शिकल्या. मराठवाड्यात राज्य परिवहन महामंडळाची चिकलठाणा येथील मध्यवर्ती कार्यशाळा, पुण्याजवळील दापोडी व नागपूरजवळील हिंगणा येथील कार्यशाळांप्रमाणेच, अशा कौशल्याचे मोठे केंद्र ठरली.

स्वयंचलित गाड्या येत राहिल्या त्या वेगळ्या वाटेने. परदेशी वकिलातींतील अधिकाऱ्यांनी आणलेल्या गाड्या त्यांच्या बदलीनंतर येथेच विकल्या जात. १९५६ मध्ये स्थापन झालेले राज्य व्यापार महामंडळ अशा गाड्या घेऊन त्यांची विक्री करीत असे. संस्थानिकांची घराणी, उद्योगपती व चित्रपट व्यवसायातील मंडळी हे त्यांचे ग्राहक होते. शेव्हरोलेची इंपाला ही १९६० नंतरच्या दशकात मुंबईच्या चित्रपटसृष्टीतील वैभवाची खूणच बनली होती. मोठी गाडी, दोन वेगांचा वा तीन वेगांचा स्वयंचलित गिअरबॉक्स आणि आजूबाजूला त्याची माहिती असणारी माणसे मोजकीच, अशी ही विषम स्थिती होती.

रूपांतराची कारणे : स्वयंचलित गिअरबॉक्स हा दुर्बळ नव्हता. अमेरिकेत तो लक्षावधी गाड्यांत दीर्घकाळ समाधानकारक चालला. परंतु त्याचे कार्य स्वच्छ तेल, त्या तेलाचा ठरावीक दाब, रबराच्या कड्या आणि शतांश मिलिमीटरपर्यंत घासून बसविलेल्या झडपा यांवर अवलंबून असते. तेलाबरोबर धूळ गेली की झडपा अडकतात, कड्या कडक झाल्या की दाब उतरतो आणि दाब उतरला की आतील पट्टे व तबकड्या घसरून जळतात. हस्तचलित गिअरबॉक्समधील दात झिजला तर गाडी आवाज करीत का होईना, पण चालते. स्वयंचलित गिअरबॉक्समधील एखादी लहान कडी फाटली तर गाडी जागची हलत नाही.

देशातील परकी चलनाच्या टंचाईमुळे, विशेषतः १९५७ नंतर, सुट्या भागांची आयात परवान्यांनी बांधलेली होती. गिअरबॉक्सचे विशिष्ट तेलही सहज मिळत नसे. मग त्याऐवजी दुसरे तेल घालण्यात येई व त्याने बिघाड वाढे. आणखी एक साधी अडचण बॅटरीची होती. बॅटरी उतरली की चार माणसांनी धक्का देऊन गाडी सुरू करणे ही आपल्याकडील नित्याची रीत. जुन्या काही स्वयंचलित गिअरबॉक्सांत मागील बाजूस दुसरा तेल पंप असे व अशी गाडी ढकलून सुरू होऊ शके, पण त्यासाठी तिला आधी ताशी चाळीसएक किलोमीटरचा वेग यावा लागे. माणसांच्या बळाने तो येत नाही.

१९७३ च्या खनिज तेलाच्या संकटानंतर पेट्रोल अतिशय महाग झाले व मोठ्या अमेरिकन एंजिनांचा खर्च पेलणे कठीण झाले. डीझेल तुलनेने स्वस्त असल्याने मुंबईत अशा अनेक गाड्यांत डीझेल एंजिने बसविण्यात आली. मद्रासच्या सिम्पसन कंपनीची पर्किन्स एंजिने व पुण्याजवळील आकुर्डीच्या बजाज टेंपो कंपनीच्या मॅटाडोर वाहनाची एंजिने त्यासाठी वापरीत. येथे गिअरबॉक्सचे भवितव्य एंजिनाबरोबरच ठरले. त्या काळचा स्वयंचलित गिअरबॉक्स कोणत्या क्षणी वेग बदलावयाचा हे पेट्रोल एंजिनाच्या आदान नळीतील निर्वात किंवा कार्ब्युरेटरच्या दांड्याची स्थिती यांवरून ठरवितो. डीझेल एंजिनात तसा निर्वात निर्माण होत नाही व त्याची फेऱ्यांची मर्यादाही कमी असते. त्यामुळे नवे एंजिन व जुना गिअरबॉक्स यांचे जमत नसे. परिणामी मालकाची मूळ इच्छा केवळ इंधन वाचविण्याची असली, तरी स्वयंचलित गिअरबॉक्स गाडीबाहेर पडे.

रूपांतराची पद्धत : पेट्रोल एंजिन कायम ठेवून केलेल्या रूपांतराचे टप्पे सर्वसाधारणपणे पुढीलप्रमाणे असतात. प्रथम प्रॉपेलर शाफ्ट सोडवून परिवर्तकासह जुना गिअरबॉक्स खाली उतरवितात. स्वयंचलित गाडीत एंजिनाच्या भुजादंडाच्या टोकाशी लवचिक पातळ पत्र्याची तबकडी असते. तिच्या जागी जड प्रचक्र, म्हणजे फ्लायव्हील, बसवावे लागते, कारण क्लचची तबकडी घासण्यास सपाट व भरीव पृष्ठभाग हवा असतो. सुरुवात करणाऱ्या मोटरीचे दाते या नव्या प्रचक्राच्या कड्याशी जुळले पाहिजेत.

दुसरा टप्पा नाजूक असतो. हस्तचलित गिअरबॉक्सच्या पुढील दंडाचे टोक भुजादंडाच्या मध्यभागी असलेल्या लहान बुशमध्ये फिरते. स्वयंचलित गाडीकरिता बनविलेल्या काही भुजादंडांत हे छिद्र पुरेसे खोल केलेले नसते. अशा वेळी छिद्र लेथवर नीट करून घ्यावे लागते किंवा दंडाचे टोक कापावे लागते. त्यानंतर एंजिन व गिअरबॉक्स यांना जोडणाऱ्या घंटाकृती कवचाचा मध्य भुजादंडाच्या मध्याशी जुळतो की नाही हे डायल गेजने तपासतात. दोन मध्यांतील अंतर सुमारे ०.१३ मिमी. पेक्षा अधिक असू नये असा संकेत आहे. ही तपासणी टाळल्यास गाडी प्रारंभी ठीक चालते, परंतु क्लच हिसके देऊ लागतो, गिअर आपोआप निसटतो व काही महिन्यांत पुढील बेअरिंग आवाज करू लागते. वाईट रूपांतरांतील बहुतेक तक्रारींचे मूळ येथेच सापडते.

तिसऱ्या टप्प्यात पेडलांची मांडणी बदलतात. स्वयंचलित गाडीतील ब्रेकचे रुंद पेडल काढून अरुंद पेडल व त्याच्या शेजारी क्लचचे पेडल बसवितात. क्लच दांड्यांनी किंवा तेलाच्या दाबाने चालवितात. गिअरचा दांडा सुकाणूच्या खांबावर नेल्यास तळ कापावा लागत नाही, जमिनीवर घेतल्यास तळाला छिद्र पाडावे लागते. नव्या गिअरबॉक्सची लांबी वेगळी असल्याने त्याला आधार देणारा आडवा तुकडा पुढेमागे सरकवितात, प्रॉपेलर शाफ्ट कमीअधिक लांबीचा करून त्याचे संतुलन पुन्हा साधतात आणि वेगमापकास चालविणारे छोटे दंतचक्र बदलतात. रेडिएटरमध्ये जाणाऱ्या तेलाच्या नळ्या बंद कराव्या लागतात. स्वयंचलित गाडी केवळ ठरावीक स्थितीतच सुरू व्हावी म्हणून असलेला विद्युत् खटका वगळावा लागतो. मागे जाताना लागणाऱ्या दिव्याचा खटका नव्याने बसवावा लागतो.

शेवटचा प्रश्न मागील आसाचा. पॉवरग्लाइडचे खालच्या वेगाचे प्रमाण १.८२ असते व परिवर्तकामुळे निघतेवेळी जोर सुमारे २.१ पट होतो. दोहोंचा गुणाकार सुमारे ३.८ येतो. त्याच काळातील तीन वेगांच्या हस्तचलित गिअरबॉक्सच्या पहिल्या गिअरचे प्रमाण सुमारे २.९ असे. म्हणजे मागील आस तोच ठेवल्यास निघतेवेळचा जोर सुमारे एक चतुर्थांशाने कमी होतो. चालक मग क्लच अधिक वेळ अर्धवट दाबून ठेवतो व तो लवकर जळतो. काळजीपूर्वक केलेल्या कामात मागील आसातील दंतचक्रांचे प्रमाणही बदलतात किंवा पहिला गिअर अधिक जोराचा असलेला चार अथवा पाच वेगांचा गिअरबॉक्स निवडतात.

रस्ता व गिअरबॉक्स : कोणता गिअरबॉक्स चांगला, या प्रश्नाचे उत्तर रस्त्यावर अवलंबून असते. छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचे औरंगाबाद, या एकाच शहराच्या परिसरात त्याची दोन्ही उत्तरे मिळतात. शहराच्या जुन्या भागातील औरंगपुरा, गुलमंडी व पैठण गेट या बाजारपेठांतून जाताना गाडीला पावलापावलावर थांबावे लागते. इंपालासारखी दोन मीटरांहून अधिक रुंद व दीड टनाहून जड गाडी तेथे स्वयंचलित असल्यास सहज सरकते, कारण परिवर्तकातील तेल घसरण्याचेच काम करीत असते व त्याने काही झिजत नाही. रूपांतरित गाडीत ते काम क्लचच्या अस्तराला करावे लागते. औरंगपुऱ्यातील सायंकाळच्या गर्दीत अशा गाडीचा क्लच तापून वास येऊ लागावा, हे त्यामुळे स्वाभाविक होय.

याउलट शहराबाहेर दौलताबादहून खुलदाबाद-वेरुळकडे जाणारा घाट किंवा कन्नडहून चाळीसगावकडे उतरणारा औट्रम घाट घेतला की पारडे फिरते. दोनच वेग असलेली गाडी चढावर एक तर खालच्या वेगात एंजिन ओरडत जाते किंवा वरच्या वेगात रेंगाळते. रेंगाळताना परिवर्तकातील घसरण वाढून तेल तापते आणि उन्हाळ्यात तर ते लवकर खराब होते. उतारावर एंजिनाचा अवरोध वापरण्यासाठी मधला गिअर नसल्याने सगळा भार ब्रेकवर येतो. हस्तचलित गिअरबॉक्सचा दुसरा गिअर येथे उपयोगी पडतो. कसारा व खंडाळा येथील घाटांतही हाच अनुभव येतो.

खुणा व नोंदी : भारतातील नोंदणी पुस्तकात एंजिनाचा व चौकटीचा क्रमांक असतो, इंधन व आसनसंख्या असते. गिअरबॉक्सच्या प्रकाराला त्यात रकाना नाही. एंजिन बदलल्यास नोंद करावी लागे, पण केवळ गिअरबॉक्स बदलल्याची सरकारी दप्तरात खूण उरत नाही. परिणामी या विषयाचे मुख्य साधन म्हणजे गाडी स्वतःच होय. सुकाणूच्या खांबावर थांबा, मागे, मोकळा व पुढे या स्थितींची इंग्रजी आद्याक्षरे असलेली पट्टी, रेडिएटरच्या टाकीला असलेली पण बुजविलेली दोन तोंडे, आधाराच्या आडव्या तुकड्याजवळील रिकामी छिद्रे व तळाच्या पत्र्यावरील वितळजोडाचे डाग यांवरून जुना गिअरबॉक्स ओळखता येतो. काही कंपन्यांनी क्रमांकातच ही माहिती दिलेली असते. उदा., जॅग्वारच्या चौकटीच्या क्रमांकापुढील बीडब्ल्यू ही अक्षरे ती गाडी बोर्ग-वॉर्नरच्या स्वयंचलित गिअरबॉक्ससह कारखान्याबाहेर पडल्याचे दर्शवितात. अशा गाडीत आज क्लचचे पेडल दिसत असेल तर मधल्या काळात रूपांतर झाले हे निश्चित होते.

कायदा : १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये २००० साली केलेल्या दुरुस्तीनुसार उत्पादकाने मूळात नमूद केलेल्या तपशिलाशी नोंदणी पुस्तकातील तपशील विसंगत होईल असा फेरफार वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधील निर्णयात या तरतुदीचा कडक अर्थ लावला. केंद्र शासनाने जुलै २०२१ मध्ये जुन्या वाहनांसाठी स्वतंत्र नियम केले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून अधिक काळ लोटलेली, खाजगी वापरातील व मूळ स्वरूपात राखलेली दुचाकी आणि चारचाकी वाहने त्यांत मोडतात. त्यांना व्हीए अक्षरांचा नोंदणी क्रमांक मिळतो. चौकट, सांगाडा व एंजिन यांतील मोठे फेरफार या व्याख्येत बसत नाहीत. गिअरबॉक्सचा त्यात नावाने उल्लेख नाही. त्यामुळे डीझेल एंजिन बसविलेली गाडी व केवळ गिअरबॉक्स बदललेली गाडी यांची स्थिती एकसारखी मानता येत नाही.

जतनाचा प्रश्न : पाश्चात्त्य देशांत आजही जुन्या स्वयंचलित गाड्या हस्तचलित करण्यात येतात. जॅग्वारच्या ई-टाइप गाडीचा चार आसनांचा नमुना १९६६ पासून स्वयंचलित गिअरबॉक्ससह मिळे. असे अनेक नमुने पुढे रूपांतरित झाले, कारण हस्तचलित गाडी चालविण्यात अधिक आनंद असतो असे शौकिनांचे मत आहे व अशा गाडीला किंमतही सामान्यतः अधिक येते. दुसऱ्या बाजूस, १९६६ मध्ये स्थापन झालेल्या फिव्हा या जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१३ मध्ये स्वीकारलेल्या तूरिन सनदेत, फेरफार शक्यतो कमी असावा, तो पुन्हा पूर्ववत करता यावा व त्याची नोंद राहावी या तत्त्वांचा पुरस्कार केला आहे.

या तत्त्वांच्या कसोटीवर महाराष्ट्रातील जुनी रूपांतरे सदोष ठरतात. त्यांत तळ कापले गेले, मूळ गिअरबॉक्स मोडीत गेले व नोंदी ठेवल्या गेल्या नाहीत. तथापि केवळ या कसोटीवर त्यांचा निर्णय करणे न्याय्य होणार नाही. रूपांतर न होता ज्या गाड्यांचे गिअरबॉक्स बंद पडले, त्यांपैकी पुष्कळशा कोपऱ्यात उभ्या राहून गंजल्या किंवा तुकड्यांनी विकल्या गेल्या. रूपांतरित गाडी चालत राहिली, म्हणून तिचा सांगाडा, काचा, आसने व चकाकणाऱ्या पट्ट्या शाबूत राहिल्या. ज्या कारागिराने मूळ यंत्र काढले, त्यानेच गाडी वाचविली, असा हा दुहेरी परिणाम आहे.

१९९१ नंतर आयात-नियंत्रणे सैल झाली व सुटे भाग, तेल आणि दुरुस्ती-पुस्तके मिळू लागली. ज्या मराठवाड्यात एकेकाळी स्वयंचलित गाडीला कारागीर मिळणे कठीण होते, तेथेच छत्रपती संभाजीनगरजवळील शेंद्रा येथे २००१ पासून स्कोडा कंपनीच्या गाड्यांची जुळणी सुरू झाली आणि तेथून पुढे बाहेर पडलेल्या लॉरा, सुपर्ब यांसारख्या गाड्यांत दुहेरी क्लचचे स्वयंचलित गिअरबॉक्स आले. विक्रेता, प्रशिक्षित कारागीर व भागांचा साठा पाठीशी असल्याने ते टिकले. पूर्वीचा गिअरबॉक्स येथे टिकला नाही, याचे मुख्य कारण या पाठबळाचा अभाव होता, हे यावरून स्पष्ट होते.

आजच्या मालकापुढे दोन मार्ग आहेत. मूळ जातीचा गिअरबॉक्स मिळवून गाडी पूर्ववत करावी किंवा जुने रूपांतर तिच्या येथील आयुष्याचा भाग मानून जपावे. ज्या गाडीचे एंजिन मूळचे आहे व तळ फारसा कापलेला नाही, तिच्या बाबतीत पहिला मार्ग योग्य ठरतो. एंजिन, गिअरबॉक्स व आस हे तिन्ही बदललेल्या गाडीत मात्र पूर्ववत करणे म्हणजे जवळजवळ नवी गाडी बांधणे होय. अशी गाडी आहे त्या स्थितीत ठेवून, तीत कोणते भाग कोठून आले याची लेखी नोंद करणे अधिक उचित. नवे रूपांतर करावयाचे असल्यास मूळ भाग कापू नयेत, नवे भाग मूळच्याच छिद्रांत नटबोल्टांनी बसवावेत आणि काढलेला गिअरबॉक्स, परिवर्तक, तबकडी व रुंद पेडल तेल लावून गाडीबरोबरच सांभाळून ठेवावेत. हे भाग व नोंद गाडीसोबत राहिल्यास पुढील मालकाला मूळ स्थितीकडे परत जाण्याचा मार्ग मोकळा राहतो.